ती पुतळी मीच होते

माझी थोरली मावशी तोंडात टाचण्या धरून बोलायची. घरी तोंडात टाचण्या नसायच्या, पण सवय अशी लागली होती की ती ओठांच्या एका कोपऱ्यातूनच बोलायची. भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगायचं असलं, तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, काहीतरी गुपित सांगते आहे.

शहराच्या ऐन मध्यावर, चार रस्ते जिथे हॉर्न वाजवत एकमेकांना भिडतात, त्या कोपऱ्यावर कपड्यांचं एक मोठं तीन मजली दुकान होतं. रस्त्याच्या बाजूला लांबच लांब काचेची शोकेस. त्या शोकेसमधल्या पुतळ्यांना कपडे घालणं हे मावशीचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पुतळी काही हात वर करत नाही. तिला कोट घालायचा तर आधी तिचे पंजे फिरवून काढायचे, मग दंड खांद्यातून उचलून काढायचे, कोट धडावर चढवायचा, दंड बाह्यांतून आत सारून पुन्हा खांद्यात अडकवायचे, आणि शेवटी पंजे. त्यात डावा पंजा उजवीकडे लागला की बाई टाळी वाजवायला निघाल्यासारखी दिसते. "लहान मुलाला आणि पुतळीला कपडे घालताना सारखाच घाम फुटतो," मावशी म्हणायची. "फरक एवढाच की मुलाचा हात काढून बाजूला ठेवता येत नाही."

कपडे मापाचे कधीच नसायचे. मग पाठीमागून कापड चिमटीत धरून टाचण्या लावायच्या. पुढून पाहाल तर राणी, मागून पाहाल तर साळिंदर. पण मागून पाहायला तिथे कोण जातं? मागे लाकडी पार्टिशन होतं आणि त्याला खाली एक लहानसं दार. त्या दारातून गुडघ्यांवर रांगत आत जायचं, चपला बाहेर, पायांत मोजे. आणि मुख्य नियम असा, की काम चालू असेपर्यंत काचेवरचा पडदा ओढलेला पाहिजे. मॅनेजर साहेबांचं म्हणणं होतं, "बाई, गिऱ्हाईकाला वाटलं पाहिजे की हे कपडे आपोआप अंगावर आलेत. काचेत मोजे घातलेली बाई रांगताना दिसली, तर कोट कोण घेईल?"

मावशीचं घरही तसं जवळच. गल्लीच्या तोंडाशी काकांचं केस कापायचं सलून, आणि वर दोन खोल्या. काका, मावशी आणि काकांची आई. आम्ही भाचरंडंही त्यांना आजीच म्हणायचो. सलून म्हणजे काय, शहरातल्या बातम्यांचं गोदाम. पोस्टाच्या इमारतीतली लिफ्ट कधीकधी दोन मजल्यांच्या मध्ये एका भलत्याच मजल्यावर थांबते. नदीवरच्या जुन्या पुलाखाली एक मासा आहे तो फक्त पेन्शनरांची टोपी खातो. दाताच्या डॉक्टरने एकाचा दात काढला तर आतून घड्याळाची टिकटिक ऐकू आली. या गोष्टी सांगणाऱ्याने स्वतः कधीच काही पाहिलेलं नसायचं. पाहिलेलं असायचं त्याच्या मेहुण्याच्या ऑफिसातल्या माणसाने. काका मात्र प्रत्येक गोष्टीला, "असेल, असेल, मान जरा खाली," असं म्हणून कात्री चालवत राहायचे. आजी वरच्या खिडकीत बसून सगळं ऐकायच्या आणि संध्याकाळी तेच घरात पुन्हा सांगायच्या, थोडी भर घालून.

तर झालं असं. थंडीचे कपडे शोकेसमध्ये लावायचे होते. तीन पुतळ्या उभ्या करायच्या, पण तिसरीच्या पायातली सळई तुटली म्हणून ती दुरुस्तीला मागे नेलेली. तिच्यासाठी ठेवलेला कोट मावशीच्या हातात. गडद लाल रंगाचा, पोटऱ्यांपर्यंत लांब. तो खोक्यात घडी घालून आलेला, त्यामुळे छातीवर आडवी घडीची रेघ. त्या कापडावर इस्त्री फिरवली की चकाकी उठते. अशा वेळी मावशीचा एक उपाय होता. कोट स्वतःच अंगात घालायचा आणि तसंच बाकीचं काम करत राहायचं. अंगाच्या उबेने घडी हळूहळू उतरते.

तिने कोट घातला. तो ढगळ होता, तेव्हा कामात आडवा येऊ नये म्हणून काखेपाशी चिमटीत धरून टाचणी मारली. केस तोंडावर येत होते, तेव्हा तिथलीच एक टोपी डोक्यावर ठेवली. उरलेल्या टाचण्या तोंडात. दुसऱ्या पुतळीची टोपी सरळ करायला तिने हात वर केला, आणि तेवढ्यात पडदा सरकला.

चूक कोणाचीच नव्हती. ऑफिसं सुटायच्या वेळी पडदा उघडायचा असं वॉचमनला सांगून ठेवलेलं होतं. ऑफिसं सुटली, त्याने दोरी ओढली.

मावशीच्या समोर सगळं शहर उभं होतं. बसच्या रांगेतली माणसं, पेपरचा स्टॉल, भाजीच्या पिशव्या, छत्र्या. आणि मधे फक्त काच. मॅनेजर साहेबांचं वाक्य तिच्या कानात घुमलं. खाली बसावं तर दिसणार, रांगावं तर त्याहून जास्त दिसणार. तिने शहाणपणा केला. जशी होती तशीच थिजली. एक हात वर, मान किंचित कलती, नजर समोरच्या बसवरच्या साबणाच्या जाहिरातीवर.

"आणि सांगते तुला," मावशी मला म्हणाली होती, "कोणालाही शंका आली नाही. दोन माणसं कोटाबद्दल बोलली. एकाने काचेत बघून दातात अडकलेलं काढलं, अगदी माझ्या नाकासमोर."

सगळं निभावलं असतं. पण हात वर केल्यामुळे काखेतली टाचणी फिरली होती. आधी ती नुसती लागत होती. मग टोचायला लागली. मग चक्क आत शिरली. मावशीने दात आवळले तर तोंडातल्या टाचण्या ओठात रुतल्या. हूं नाही की चूं नाही. फक्त डोळा भरला, आणि डाव्या गालावरून एक टपोरा थेंब हळूहळू खाली आला.

नेमक्या त्याच वेळी कोबीची पिशवी घेतलेली एक बाई काचेला नाक लावून कोटाच्या गुंड्या बघत होती. तिची नजर वर गेली. थेंब हनुवटीपाशी पोचला होता. त्या बाईच्या हातून कोबी सुटला. ती पेपरच्या स्टॉलकडे वळून ओरडली, "अहो! अहो, इकडे या!" ती वळली, कोबी गडगडत रस्त्यावर गेला, लोकांनी कोबीकडे पाहिलं, आणि तेवढ्यात मावशी खाली बसून रांगत दारातून पसार झाली.

पुढचं वॉचमनने सांगितलेलं. त्या बाईचा नवरा पेपर घडी करत आला.

"काय झालं?"

"तिसरी पुतळी रडत होती."

"कुठली तिसरी?"

बाईने वळून पाहिलं. काचेत दोनच पुतळ्या. "आत्ता तीन होत्या!" ती म्हणाली आणि तिथेच फुटपाथवर बसली. कोणीतरी पाणी आणलं. कोणीतरी विचारलं, कोण रडत होतं? कोणीतरी उत्तर दिलं. बस येऊन गेली, पण रांगेतलं कोणी चढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागलं. दुपारपर्यंत पुतळी ढसाढसा रडली होती. संध्याकाळपर्यंत तिने काचेवर बोटाने काहीतरी लिहिलं होतं, पण ते उलटं असल्यामुळे कोणाला वाचता आलं नव्हतं. आणि दोन दिवसांनी आजी दवाखान्यातल्या रांगेतून आल्या त्या पूर्ण कथा घेऊनच.

जेवायला बसल्यावर त्यांनी ती सांगितली. ही पुतळी मुळात पुतळी नव्हेच. दुकानाच्या जुन्या मालकाची होणारी सून. लग्नाच्या आधी मुलगा परदेशी पळाला. मुलगी वाट बघत काचेत उभी राहिली ती राहिलीच. वीस वर्षांची होती. तेव्हापासून मेणासारखी झाली. ज्याचं मन साफ, त्यालाच ती रडताना दिसते.

मावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आई, ती पुतळी मीच होते."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "तू?"

"हो. कोट अंगात घातला होता आणि पडदा उघडला. टाचणी टोचली म्हणून डोळ्यांत पाणी आलं."

"अगं, ती वीस वर्षांची होती."

"कोण म्हणालं?"

"ज्यांनी पाहिलं ते. शेलाटी होती. केस कमरेपर्यंत. तू आरशात बघतेस ना कधी?"

"आई, केस टोपीत होते!"

"मग कमरेपर्यंत होते ते लोकांना कसे दिसले?" आजींनी विचारलं.

मावशीने काकांकडे पाहिलं. काका ताटात बघत म्हणाले, "माझा विश्वास आहे तुझ्यावर." मावशीला बरं वाटलं. मग ते हळूच म्हणाले, "पण खाली सलूनमध्ये बोलू नकोस. लोक हल्ली नुसतं ऐकायला येतात आणि बसलेच आहोत तर म्हणून दाढी करून जातात."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी बोलावलं. केबिनचं दार लावलं. मावशीने आधीच सांगून टाकलं, "साहेब, ती मी होते. नोकरीवरून काढायचं तर काढा, पण त्या वॉचमनला काही बोलू नका." साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली शोकेससमोर ही गर्दी. काचेवर नाकांचे ठसे उमटलेले. त्यातले निम्मे लोक थंडी वाजली म्हणून आत येत होते आणि आलोच आहोत तर म्हणून मोजे तरी घेऊन जात होते.

"बाई," साहेब म्हणाले, "हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"घरी, सासूबाईंना."

"त्यांना खरं वाटलं?"

"नाही."

"छान," साहेब म्हणाले. "मग आता आणखी कोणाला सांगू नका."

म्हणजे शहरात ज्या दोन माणसांनी मावशीवर विश्वास ठेवला, त्या दोघांनीही तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं. वर साहेबांनी आणखी एक कामगिरी दिली. तिसरी पुतळी दुरुस्त होऊन आली होती. तिला लाल कोट घाला आणि रडवा. कसं रडवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मावशी कामाला कधी नाही म्हणायची नाही. तिने सलाईनची नळी आणली, पुतळीच्या डोक्याला मागून भोक पाडलं, नळी आतून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत नेली, आणि पार्टिशनमागे पाण्याची बाटली टांगली. नळीवरचं चाक फिरवलं की थेंब. स्टुलावर बसून तिने चाक फिरवलं. बाहेरून आधी "आऽऽ" असा आवाज आला. मग कोणीतरी म्हणालं, "अरे, तिला सर्दी झाली आहे."

पुतळीचं डोकं आतून पोकळ होतं, आणि पोकळीतून पाण्याला जवळची वाट सापडली होती. ते नाकातून येत होतं.

मावशीने कपाळाला हात लावला. आता पितळ उघडं पडणार, आणि एका परीने बरंच झालं, असं तिला वाटलं. पण या शहराची जात तिला कळली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर एक धुतलेला रुमाल ठेवलेला होता. दुपारी खोकल्याच्या औषधाची बाटली, अर्धी वापरलेली. त्यानंतर गरम मोजे, कापराची डबी, कोणीतरी हाताने विणलेला मफलर. एक निवृत्त मास्तर वॉचमनला समजावून गेले की तिला वाफ दिली पाहिजे. "एवढ्या थंडीत काचेत उभी करता," ते म्हणाले, "तुम्हाला पोरीबाळी नाहीत का?" साहेबांनी लगेच पुतळीच्या गळ्यात दुकानातला मफलर बांधायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात सगळं शहर मफलर बांधून फिरत होतं.

मग कोणाला तरी काचेखालची जाळी सापडली. शोकेसमध्ये दिव्यांची उष्णता कोंडते म्हणून तळाशी हवेसाठी एक लोखंडी जाळी होती. वाकून तिच्यात बोललं की पुतळीला ऐकू जातं, अशी बातमी पसरली. बातमी खोटी नव्हती. पार्टिशनमागे स्टुलावर बसलेल्या मावशीला खरोखरच शब्द न् शब्द ऐकू जायचा.

लोक काय काय सांगायचे! एक जण वरिष्ठांसमोर तोतरं बोलायचा. एक बाई म्हणाली, माझ्या बहिणीचं सगळं चांगलं होऊ दे, पण माझ्यापेक्षा जरा कमी. एक माणूस रोज येऊन फक्त "काही नाही, सहजच" म्हणायचा आणि जायचा. मावशीचं चाकावरचं लक्ष उडालं. कधी कधी पुतळीला रडवायचं ती विसरायची आणि स्वतःच नाक पुसत बसायची. घरी येऊन ती यातलं अवाक्षर बोलायची नाही.

एके दिवशी दुपारी जाळीतून ओळखीचा खोकला ऐकू आला.

"अगं, ऐकतेस का?" आवाज आजींचा होता. मावशी स्टुलावर ताठ झाली. "मी काही मागायला आले नाही. माझं सगळं झालंय. सून आहे माझी, तुझ्याच दुकानात असते. तुला कपडे तीच घालते. हात हलका आहे ना तिचा? पण टाचण्या तोंडात धरते. एखाद दिवशी गिळेल, असं मी मनात रोज म्हणते, तोंडाने सांगत नाही, कारण सांगायला गेले की भांडणच होतं. हल्ली म्हणते, रडणारी पुतळी मीच. थकली आहे गं ती. दिवसभर तुझ्यापुढे उभी, घरी येऊन ओट्यापुढे उभी. मला मेलीला चार गोड शब्द बोलता येत नाहीत, आमच्या घरात कोणी बोलतच नव्हतं. तू जरा बघ तिच्याकडे."

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे हुंदका आला तो नाकातूनच बाहेर पडला. बाहेर आजी दचकल्या असाव्यात, कारण घाईघाईने म्हणाल्या, "बरं, येते मी. दूध ठेवून आले आहे गॅसवर."

मावशीने टाचण्या हातावर थुंकल्या. पार्टिशनला तोंड लावून ती ओरडली, "अहो आई! गॅस चालू ठेवून आलात?"

जाळीपलीकडून चपलांचा आवाज आला. गुडघे दुखतात म्हणून ज्या आजी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबायच्या, त्या गर्दीतून वाट काढत अशा धावल्या की बसच्या रांगेने आपोआप त्यांना जागा दिली. काकांनी सलूनमधून पाहिलं, आई जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढते आहे. ते एका माणसाची अर्धी दाढी तशीच टाकून मागे धावले. वर दूध आटून भांडं काळं झालं होतं आणि खिडकीच्या पडद्याचं टोक धुमसत होतं. काकांनी दाढीच्या पाण्याचा मग ओतला. बस्स, एवढ्यावर निभावलं.

संध्याकाळी मावशी घरी पोचली तेव्हा गल्लीतल्या बायका खोलीत दाटीवाटीने बसलेल्या, आणि मधे आजी.

"बोलली! स्वतः बोलली. मला म्हणाली, गॅस चालू आहे, पळ. माझं घर वाचवलं तिने."

मावशीने पर्स खुंटीला लावली. "आई, ते मी बोलले."

"झालं सुरू," आजी बायकांना म्हणाल्या.

"अहो, मी पार्टिशनमागे बसते. तुम्ही दूध म्हणालात म्हणून मी ओरडले. काचेतल्या पुतळीला आपल्या घरातल्या गॅसची काय पडली आहे?"

"तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं."

"बरं. तिने तुम्हाला हाक काय मारली? आठवून सांगा. 'अहो आई' म्हणाली की नाही?"

आजींचा चेहरा एकदम मऊ झाला. "म्हणाली. 'अहो आई' म्हणाली," त्या म्हणाल्या, "किती आदराने! नाहीतर तू."

यावर बायकांनी मावशीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तिला पुढे कित्येक दिवस आठवत होती. मात्र त्या दिवसापासून ती कामावरून आली की तिच्यासाठी झाकून ठेवलेला चहा तयार असायचा. का, हे आजींनी सांगितलं नाही आणि मावशीनेही विचारलं नाही.

पण चहाने समाधान होणारी बाई नव्हती ती. खरं ते खरं. तिने ठरवलं, एकदा सगळ्यांसमोरच सोक्षमोक्ष लावायचा. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी गर्दी भरपूर जमली असताना तिने लाल कोट पुतळीच्या अंगावरून उतरवला, स्वतः घातला, टोपी ठेवली, पुतळीला मागे सारलं आणि काचेत तिच्या जागी जाऊन उभी राहिली. एक हात वर, मान कलती. मग तिने हात खाली घेतला, टोपी काढली आणि लोकांकडे बघून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. मीच ती.

लोकांनी थोडा वेळ पाहिलं. मग एका गृहस्थांनी काचेवर टकटक केली आणि हाताने खूण केली. "ओ बाई, जरा बाजूला व्हा. पुतळी दिसत नाहीये."

मावशीने पुन्हा छातीवर बोट ठेवलं. डोळे मिचकावले. रडून दाखवायचा प्रयत्नही केला, पण आता एकही टाचणी टोचत नव्हती, त्यामुळे नुसताच चेहरा वाकडा झाला.

"हिला बाहेर काढा," मागून एक बाई म्हणाली. ही तीच, कोबीवाली. पहिल्या दिवसापासून ती आपली जागा सोडत नसे आणि नव्या लोकांना सगळी हकीकत सांगत असे. "मी पाहिलं आहे ना तिला. किती नाजूक होती. अशा बायकांमुळेच ती हल्ली रडत नाही."

साहेबांनी मावशीला केबिनमध्ये बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. पण मावशी म्हणाली ते मला पटलं. ती म्हणाली, "साहेबांच्या बोलण्याचं काही वाटलं नाही गं. मला वाईट वाटलं ते त्या कोबीवालीचं. जगात मला नीट पाहिलेली ती एकच बाई, आणि तीच मला ओळखेना."

त्यानंतर मात्र तिने तो नाद सोडला. कोणी पुतळीची गोष्ट सांगायला लागलं की ती, "असेल, असेल," म्हणायची.

काही वर्षांनी दुकान नवीन करायचं ठरलं. नव्या पुतळ्या आल्या त्यांना डोकीच नव्हती. आता तशीच फॅशन आहे म्हणे. डोकं नाही म्हणजे डोळे नाहीत, आणि डोळे नाहीत म्हणजे रडण्याचा प्रश्नच मिटला. लोक आले, बिनडोक्याच्या पुतळ्या पाहिल्या, आणि हळूहळू पोस्टातल्या लिफ्टकडे वळले. जुन्या पुतळ्या भंगारात जाणार असं मावशी घरी सहज बोलून गेली. आजी जेवता जेवता थांबल्या.

"तिला घरी आणा," त्या म्हणाल्या.

काकांनी खूप सांगून पाहिलं. घर लहान आहे, ठेवायची कुठे, लोक काय म्हणतील. आजींनी पुढचा घास घ्यायला नकार दिला. मावशी नुसती आमटी ढवळत राहिली. तिच्याही मनात तेच असावं, असा मला अजून संशय आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका स्कूटर घेऊन गेले. पुतळीला चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं आणि दोरीने आपल्या पाठीशी बांधलं. पाय काही चादरीत मावले नाहीत. मोठ्या चौकातल्या सिग्नलला ब्रेक लागला तशी चादर सुटली आणि पुतळीचा उजवा हात निखळून रस्त्यावर पडला. आजूबाजूच्या गाड्यांतले लोक बघत राहिले. काका शांत माणूस. त्यांनी पायानेच हात जवळ ओढला, वाकून उचलला, पुढच्या डिकीत खोचला, आणि हिरवा दिवा लागल्यावर निघाले.

त्या दिवशी मी मावशीकडे गेले होते. काका पुतळीला जिन्याशी टेकवून, तिचा हात घेऊन सलूनमध्ये शिरले तर आत बसलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडे न बघताच सांगत होतं, "ऐकलंत का? एक माणूस बायकोला तोडून स्कूटरवरून नेतोय म्हणे. टक्कल आहे, डोळे लालभडक, आणि पोलिसांना बघून हसला." काकांना टक्कल नाही. त्यांनी नेहमीच्या सवयीने "असेल, असेल," म्हटलं आणि तो हात खुंटीवरच्या टॉवेलखाली लपवला.

आम्ही पुतळीला वर नेऊन खिडकीजवळ उभी केली, हात बसवला, आजींनी आपला स्वेटर तिच्या अंगावर घातला, आणि तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला. दारात एक जाडजूड हवालदार उभे होते, धापा टाकत.

"स्कूटर कोणाची?" त्यांनी विचारलं.

काकांनी हात वर केला. मावशी पुढे झाली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. दुकान, भंगार, चादर, सिग्नल. पुतळीचा पंजा फिरवून काढून दाखवला, पुन्हा लावून दाखवला. हवालदार तो पंजा बघत होते, मग त्यांची नजर चेहऱ्याकडे गेली. त्यांनी आवाज खाली आणला.

"चौकातल्या दुकानातली का ही?"

"तीच," आजी म्हणाल्या.

"रडायची ती?"

मावशीने तोंड उघडलं. आजींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते पुन्हा मिटलं.

हवालदारांनी टोपी काढली, काखेत धरली. "मी तेव्हा तिथे गर्दी आवरायला असायचो," ते म्हणाले. "सगळे बोलून जायचे. ड्युटीवर असल्यामुळे मला कधी वाकता आलं नाही." मग कोणाकडेही न बघता त्यांनी विचारलं, "दोन मिनिटं एकट्याने बोललं तर चालेल का?"

आजींनी आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात हाकललं आणि दार लोटलं. दार नीट लागत नाही ते. बाहेरून हवालदारांचा जाड आवाज येत होता, अगदी हळू, मुलीचं नाव घेऊन काहीतरी, ती फोन उचलत नाही असं काहीतरी. मावशी ओट्याला टेकून उभी होती. तिचे ओठ हलले. काकांनी पटकन तिचा दंड धरला आणि मानेनेच नाही म्हणून सांगितलं. पण ती ऐकणारी नव्हती. तिने दाराच्या फटीला तोंड लावलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून, हळूच म्हणाली, "फोन कशाला करता? घरी जा तिच्या."

आजींनी डोळे मिटून दोन्ही हात छातीशी धरले. मावशी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, त्यांच्या देखत बोलली होती, आणि तरीही आजी पुटपुटल्या, "बघ. बोलली."

हवालदार गेले तेव्हा डोळे पुसत होते. जिन्याच्या मधल्या वळणावरून ते परत वर आले, दारात डोकं घातलं आणि काकांना विचारलं, "रविवारी दुपारी घरी असता ना? आमच्या साहेबांनाही जरा अडचण आहे."